आशुतोष मुखर्जी

सर आशुतोष मुखर्जी (२९ जून, १८६४ – २५ मे, १९२४) हे बंगाली गणितज्ञ, कायदेपंडित, कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९०६ ते १९१४ या काळात सलग चार वेळा व पुन्हा १९२१ ते १९२३ या काळात ते कुलगुरुपदी होते. या विद्यापीठाच्या इतर कुलगुरूंची कामगिरी बहुधा त्यांच्याच मापाने मोजली जाते.

पूर्वायुष्य

आशुतोष यांचा जन्म कोलकात्यात झाला. वडील गंगाप्रसाद हे डॉक्टर होते. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकून आशुतोष १८८५ मध्ये गणितात एम.ए. झाले. पुढच्याच वर्षी विज्ञानात दुसरी एम.ए. पदवी मिळवून त्यांनी प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीही पटकावली. ही शिष्यवृत्ती मुंबईच्या ज्या कापूस व्यापाऱ्याच्या देणगीतून सुरू झाली, त्याच्याच पैशातून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. भूमितीवरील शोधनिबंधांमुळे आशुतोष यांचे नाव झाले होते, तरी पेशा म्हणून त्यांनी वकिली पत्करली. १९०४ मध्ये ते न्यायाधीश झाले. विद्यापीठाचे काम त्यांनी न्यायदान सांभाळूनच केले.

कुलगुरुपद

१८५७ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ प्रामुख्याने परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था होते. हेन्री मेन यांच्यासारखे विद्वान आणि १८९० मध्ये पहिले भारतीय कुलगुरू झालेले गुरुदास बॅनर्जी यांच्या काळातही हे स्वरूप पालटले नाही. लॉर्ड कर्झन यांच्या १९०४ च्या कायद्याने सरकारचा अंकुश वाढला; मात्र विद्यापीठाला स्वतः अध्यापन करण्याची वाटही त्यातच होती. आशुतोष यांनी नेमकी तीच वाट धरली.

सरकारी मदत अपुरी असल्याने त्यांनी बंगालमधील धनिक वकिलांकडे हात पसरला. तारकनाथ पालित व रासबिहारी घोष यांच्या लक्षावधी रुपयांच्या देणग्यांतून विज्ञान महाविद्यालय उभे राहिले. देणगीतून निर्माण झालेल्या प्राध्यापकपदांवर भारतीयच नेमावेत, अशी अट होती. चंद्रशेखर वेंकट रामन, प्रफुल्लचंद्र राय, मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस व पुढे सर्वपल्ली राधाकृष्णन यांना त्यांनी विद्यापीठात आणले. प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल प्राध्यापकपदावर देवदत्त रामकृष्ण भांडारकर आले. १९१९ पासून बंगालीत एम.ए. करण्याची सोय झाली.

लिटन यांच्याशी संघर्ष

या विस्ताराने विद्यापीठ कर्जात बुडाले. १९२२ मध्ये बंगाल सरकारने अडीच लाख रुपयांचे अनुदान देऊ केले, पण त्यासोबत जाचक अटी घातल्या. आशुतोष यांनी ते नाकारले. पुढच्या वर्षी गव्हर्नर व कुलपती लॉर्ड लिटन यांनी सरकारशी सहकार्याच्या अटीवर पुनर्नियुक्ती देऊ केली; तीही त्यांनी जळजळीत पत्र लिहून फेटाळली. बंगालचा वाघ या त्यांच्या बिरुदाला या प्रकरणाने अर्थ दिला. मात्र कर्ज उत्तराधिकाऱ्यांच्या गळ्यात पडले. १९२४ मध्ये एका खटल्यासाठी पाटण्याला गेले असता त्यांचे निधन झाले.

टीका व तुलना

आशुतोष यांचे सर्वांत कठोर टीकाकार होते इतिहासकार जदुनाथ सरकार. शिवचरित्रामुळे आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या स्नेहामुळे ते महाराष्ट्राला परिचित आहेत. परीक्षा सैल झाल्या, मर्जीतल्या माणसांची वर्णी लागली आणि खर्चाला धरबंध राहिला नाही, असे त्यांचे आक्षेप होते. ते सर्वस्वी निराधार नव्हते. परीक्षा शुल्क हा विद्यापीठाच्या उत्पन्नाचा मोठा आधार असल्याने विद्यार्थी वाढण्यात विद्यापीठाचा स्वार्थ होताच. १९२६ मध्ये जदुनाथ स्वतः कुलगुरू झाले, पण आशुतोष यांच्या अनुयायांच्या विरोधामुळे त्यांना फारसे काही करता आले नाही व दोन वर्षांच्या एकाच मुदतीनंतर ते पायउतार झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, फेब्रुवारी १९२८ मध्ये, पालित प्राध्यापक रामन यांनी आपला जगप्रसिद्ध शोध जाहीर केला. तो इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत लागला असला, तरी रामन यांना सरकारी नोकरीतून अध्यापनाकडे वळवले होते आशुतोष यांनी.

आशुतोष यांचे पुत्र श्यामाप्रसाद १९३४ मध्ये वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी कुलगुरू झाले. १९३७ च्या पदवीदान समारंभात रवींद्रनाथ ठाकूर यांनी बंगालीतून भाषण केले, ते त्यांच्याच कारकिर्दीत.