एका रेणूइतका थर

प्लाझ्मा म्हटलं की आपल्याला रक्त आठवतं. १९२८ मध्ये चमकणाऱ्या आयनीभूत वायूला हे नाव देणाऱ्या आयर्विंग लँगम्यूर यांनाही म्हणे तेच आठवलं होतं!

जन्म १८८१ चा, ब्रुकलिनचा. १९०३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून मेटलर्जिकल इंजिनीअर, म्हणजे आपल्यातलेच. पुढे जर्मनीत पीएच.डी., तीन वर्षं शिकवण्याची नोकरी आणि १९०९ पासून स्केनेक्टेडी इथली जनरल इलेक्ट्रिकची प्रयोगशाळा.

तेव्हा बल्बची काच आतून काळी पडायची. आतली हवा नीट काढली नाही म्हणून, असा समज होता. लँगम्यूरनी दाखवलं की तापलेल्या टंगस्टनचे अणूच उडून काचेवर बसतात. त्यांनी उलट बल्बमध्ये वायू भरला, तारेची गुंडाळी केली आणि बल्ब सुधारला.

मग ते पाण्यावरच्या तेलाकडे वळले. १९१७ मध्ये त्यांनी मांडलं की हा थर एकाच रेणूच्या जाडीचा असतो. रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं पाण्यापासून दूर राहतं. त्यांच्या सहकारी कॅथरिन ब्लॉजेट यांनी असे थर काचेवर एकावर एक चढवले आणि १९३८ मध्ये प्रतिबिंब न पाडणारी काच तयार झाली. लँगम्यूरना १९३२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही पृष्ठभागांच्या अभ्यासासाठी.

ते चुकलेसुद्धा. १९४७ मध्ये एका चक्रीवादळात कोरडा बर्फ टाकला गेला. त्यामुळेच वादळ वळलं, असं ते सांगत राहिले. खरं तर ते आधीच वळू लागलं होतं. गंमत म्हणजे, शास्त्रज्ञ स्वतःला कसे फसवतात यावर १९५३ मध्ये त्यांनीच भाषण दिलं! १९५७ मध्ये ते गेले.

आज निर्वात पेटीत काच ठेवतात, फ्लोरिनयुक्त वायू सोडून प्लाझ्मा पेटवतात. वायूचे तुकडे होऊन काचेवर काही नॅनोमीटरचा थर बसतो आणि पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात. ही पद्धत लँगम्यूरची नाही, पण त्यांचे दोन्ही विषय इथे एकत्र येतात.

प्रोजेक्ट निवडताना आम्ही आधी विचारतो, याला स्कोप काय? बल्बच्या कंपनीत पाण्यावरच्या तेलाला काय स्कोप होता? तरी त्यांना ते करू दिलं गेलं. मला वाटतं, आपल्या लॅबमध्येही एखादी दुपार तरी अशी मोकळी हवी.