ट्युरिनमध्ये जन्मला, पॅरिसमध्ये मिसळला: लाग्रांज नक्की कुठला?

सीमाभागातल्या माणसाला एक प्रश्न आयुष्यभर चुकत नाही. तुम्ही नक्की कुठले? घरात एक भाषा, कचेरीत दुसरी आणि दाखल्यावर नाव तिसऱ्याच पद्धतीनं लिहिलेलं. पावणेतीनशे-तीनशे वर्षांपूर्वी युरोपात जन्मलेल्या एका गणितज्ञाला याच प्रश्नानं एकदा अटकेच्या उंबरठ्यावर नेऊन उभं केलं होतं. त्याचं नाव जोसेफ लुई लाग्रांज. बीएस्सी आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना तो गुणक पद्धतीमुळे माहीत असतो. पद्धत पाठ होते, माणूस मात्र पुस्तकाबाहेरच राहतो.

लाग्रांजचा जन्म २५ जानेवारी १७३६ चा, ट्युरिनचा. आज हे शहर इटलीत आहे. तेव्हा इटली नावाचा देशच नव्हता, ट्युरिन सार्डिनियाच्या राज्याची राजधानी होती. पणजोबा फ्रान्समधून आलेले घोडदळातले अधिकारी, आई ट्युरिनजवळच्या डॉक्टरची मुलगी. बाप्तिस्म्याच्या वेळचं त्याचं नाव इटालियन वळणाचं, जुझेप्पे लोदोविको लाग्रांजिया. अकरा भावंडांत हा थोरला, आणि मोठी होईपर्यंत जगली ती फक्त दोन. वडील सरकारी खजिनदार होते, पण सट्ट्यात बरंच घालवून बसले. घरचा पैसा टिकला असता तर आपण गणिताकडे वळलोच नसतो, असं लाग्रांज पुढे सांगत असे.

सुरुवातीला त्याला लॅटिनची गोडी होती. मग हॅलेचा एक लेख हाती पडला आणि गाडी गणिताकडे वळली. अठराव्या वर्षी त्यानं पहिला शोध इटालियनमध्ये छापला. थोड्याच दिवसांत कळलं, की हे तर लायब्निझ आणि बेर्नुलीनं आधीच करून ठेवलंय! लोक आपल्याला चोर म्हणतील या धास्तीनं पोरगा हादरला. पण खचला नाही. ऑगस्ट १७५५ मध्ये त्यानं बर्लिनला ऑयलरला पत्र लिहिलं. ऑयलर म्हणजे त्या काळचा गणितातला सगळ्यात मोठा माणूस. एकोणीस वर्षांच्या अनोळखी मुलाची पद्धत आपल्यापेक्षा सरस आहे, हे त्यानं मोकळ्या मनानं मान्य केलं. त्याच वर्षी लाग्रांज ट्युरिनच्या तोफखाना शाळेत शिकवू लागला.

शिखर, दरी की खिंड?

१७५९ मध्ये ट्युरिनच्या त्यांच्या छोट्या विद्वान मंडळाचा पहिला ग्रंथ निघाला. त्यात लाग्रांजचा एक लेख होता. प्रश्न असा: एखादी राशी दोन किंवा जास्त गोष्टींवर अवलंबून असेल, तर ती सगळ्यात मोठी किंवा सगळ्यात लहान कुठे होते?

हे समजायला डोंगर डोळ्यांपुढे आणा. माथ्यावर उभं राहिलं की कुठल्याही दिशेला चढ लागत नाही. दरीच्या तळाशी कुठल्याही दिशेला उतार नसतो. दोन्हीकडे पायाखाली जमीन सपाट. पण तिसरी एक जागा असते, खिंड. घाटरस्त्यानं आलात तर खिंड हा सगळ्यात उंच टप्पा, आणि डोंगराच्या धारेवरून आलात तर तीच सगळ्यात खोल जागा. सपाटी तिथंही असते. म्हणून नुसती सपाट जागा सापडून भागत नाही. तिथून प्रत्येक दिशेला जमीन कशी वळते ते तपासावं लागतं. अनेक चलांसाठी हे तपासायची रीत लाग्रांजनं तेविसाव्या वर्षी मांडली.

१७६६ मध्ये ऑयलर बर्लिन सोडून रशियाला गेला आणि त्याच्या जागी राजा फ्रेडरिकनं लाग्रांजला बोलावलं. तिथं तो वीस वर्षं राहिला. १७६७ मध्ये त्यानं चुलत नात्यातल्या वित्तोरियाशी लग्न केलं. ती पुढं दीर्घकाळ आजारी पडली आणि १७८३ मध्ये गेली. १७८६ मध्ये राजाही वारला. पुढच्या वर्षी लाग्रांज पॅरिसला आला. १७८८ मध्ये यंत्रशास्त्रावरचा त्याचा मोठा ग्रंथ निघाला, त्यात एकही आकृती नाही. पण तोवर मन विटलं होतं. छापील प्रत टेबलावर दोन वर्षं न उघडता पडून होती, असं सांगतात.

बंधनात राहून जास्तीत जास्त

गुणकांची युक्ती याच ग्रंथात आहे. १७९७ च्या पुस्तकात त्यानं ती महत्तम-लघुतमाच्या प्रश्नांसाठी सर्वसाधारण रूपात मांडली.

समजा तुमच्याकडे १०० मीटर तार आहे आणि आयताकृती तुकड्याला कुंपण घालायचंय. जागा जास्तीत जास्त हवी. लांबी आणि रुंदी हवी तेवढी वाढवता येत नाही, तारेचं बंधन आहे. लाग्रांज म्हणतो, योग्य जागी क्षेत्रफळ ज्या दिशेनं झपाट्यानं वाढतं आणि तारेची लांबी ज्या दिशेनं झपाट्यानं वाढते, त्या दोन्ही दिशा एकाच रेषेत येतात. दोन्ही वाढींमधलं प्रमाण म्हणजे गुणक. गणित केलं की दोन्ही बाजू २५ मीटर, क्षेत्रफळ ६२५ चौरस मीटर आणि गुणक १२.५ येतो. म्हणजे तार एक मीटरनं वाढली तर जागा साधारण साडेबारा चौरस मीटरनं वाढेल. बंधन सैल केलं तर किती फायदा, हे गुणक सांगतो. अर्थशास्त्रात त्याला म्हणूनच किंमत आहे.

बंधनं त्याच्या स्वतःच्या वाट्यालाही आली. १७९३ मध्ये क्रांतिकारी सरकारनं शत्रुराष्ट्रांत जन्मलेल्या परकीयांना अटक करण्याचा हुकूम काढला. सार्डिनियाशी तर युद्धच चालू होतं. आयुष्यभर फ्रेंचमध्ये लिहिलेला माणूस जन्मगावामुळे एका दिवसात परका ठरला. रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझियेनं मध्ये पडून त्याला सूट मिळवून दिली. पुढच्या मे महिन्यात त्याच लाव्हाझियेचा जुन्या राजवटीतल्या करवसुलीच्या कंत्राटापायी शिरच्छेद झाला. ज्यानं वाचवलं, त्याला वाचवता आलं नाही. असं डोकं उडवायला क्षण लागला, घडायला शंभर वर्षंही कदाचित पुरणार नाहीत, अशी हळहळ लाग्रांजनं व्यक्त केली.

तो मात्र तगला. मीटर आणि किलोग्रॅमची दशमान पद्धत ठरवणाऱ्या समितीत त्यानं काम केलं, नव्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं. १७९२ मध्ये एका खगोलशास्त्रज्ञाच्या तरुण मुलीशी त्याचं दुसरं लग्न झालं होतं. तिच्यामुळे त्याला जगण्याची गोडी परत लागली. नेपोलियननं त्याला सिनेटर केलं, काउंट केलं. ट्युरिनचा प्रदेश फ्रेंचांच्या हाती गेल्यावर फ्रान्सचा प्रतिनिधी लाग्रांजच्या वृद्ध वडिलांच्या घरी जाऊन मुलाबद्दल अभिनंदन करून आला, अशी हकीकत आहे.

१० एप्रिल १८१३ ला पॅरिसमध्ये तो वारला. पँथिऑनमध्ये त्याची समाधी आहे आणि आयफेल मनोऱ्यावर त्याचं नाव कोरलंय. इटालियन लोक त्याला आपला म्हणतात, फ्रेंचही म्हणतात. बर्लिनलाही वीस वर्षांचा हक्क आहेच. ज्या देशानं एकदा त्याला परका ठरवलं, त्यानंच शेवटी मानाची जागा दिली. माणसाचं गाव कुठलं हे कागद ठरवतो, पण काम कुणाचं हे ते वापरणारा ठरवतो. त्या हिशेबानं लाग्रांज थोडा आपलाही आहे.