नीतीचे कायदे आणि कर्वे

नीतीच्या कायद्यांचा जाच स्त्रियांनाच होतो, हा समज रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या चरित्रापुढे टिकत नाही. संततिनियमनाच्या प्रचारापायी गणिताच्या या प्राध्यापकाला १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालय सोडावे लागले. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील व्यभिचारावरील लेखाबद्दल १९३१ मध्ये अश्लीलतेच्या कलमाखाली दंड झाला. १९३४ च्या खटल्यात तर अपराध एवढाच, की हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयी वाचकांच्या शंकांना त्यांनी शास्त्रीय उत्तरे दिली. भयाने पिचलेल्या तरुणांनी विचारावे तरी कोणाला? वकीलपत्र घेतले डॉ. आंबेडकरांनी, ज्यांनी पुढे औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभारले. तरीही दंड झालाच. उभयसंमत समलिंगी संबंध २०१८ पर्यंत गुन्हाच राहिले. कर्व्यांनी मासिक मात्र १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले.