विश्लेषण : पाण्यात फ्लोराइड किती हवे? वादाच्या मुळाशी असलेल्या दंतवैद्याची गोष्ट

अमेरिकेतील युटा राज्याने २०२५ मध्ये पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यावर बंदी घातली आणि जुना वाद पुन्हा पेटला. या वादातला मुख्य आकडा शोधला हेन्री ट्रेंडली डीन यांनी. मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्यासारख्या गावांनाही तो माहीत असायला हवा.

कोण होते डीन?

डीन यांचा जन्म १८९३ चा, इलिनॉय राज्यातला. दंतवैद्यक शिकून पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करात काम केले. १९२१ मध्ये ते अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेत दाखल झाले.

दातांवर डाग कशामुळे?

कोलोरॅडोत अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसत. फ्रेडरिक मॅके यांनी वर्षानुवर्षे त्याचा माग काढला. १९३१ मध्ये रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांना अशा गावांच्या पाण्यात जास्त फ्लोराइड सापडले. त्याच वर्षी पुढचा तपास डीन यांच्याकडे आला. त्यांनी डागांची प्रतवारी ठरवली, ती आजही वापरली जाते. पुढे २१ शहरांतील सात हजारांहून अधिक मुलांचे दात तपासले गेले. लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल, तर दातकीड कमी होते आणि ठळक डागही पडत नाहीत, असे दिसले.

वाद कधी सुरू झाला?

२५ जानेवारी १९४५ रोजी ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात फ्लोराइड मिसळले गेले. त्यानंतर जन्मलेल्या मुलांमध्ये दातकीड ६० टक्क्यांहून अधिक घटली. मात्र लोकांची संमती न घेता सगळ्यांनाच ते का पाजायचे, हा आक्षेप तेव्हापासून कायम आहे. डीन १९४८ मध्ये राष्ट्रीय दंत संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले, १९५३ मध्ये निवृत्त झाले आणि १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. त्यामुळे दातच नव्हे, हाडेही बाधित होतात. भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसल्यास १.५ पर्यंत सूट आहे.

मोखाड्यात उन्हाळ्यात विहिरी आटतात, मग बोअरवेल किंवा टँकरचा आधार घ्यावा लागतो. फ्लोराइडला रंग वा वास नसतो आणि पाणी उकळूनही ते जात नाही. त्यामुळे पाण्याचा स्रोत बदलला की तपासणीही नव्याने व्हायला हवी.