लिंकन यांना सांभाळणारी माणसे

मराठी घरांत आणि शाळांत अब्राहम लिंकन पोहोचले ते एका पत्रामुळे. मुलाच्या मुख्याध्यापकांना उद्देशून असलेले आणि वसंत बापट यांनी मराठीत आणलेले ते पत्र अनेक शाळांच्या भिंतींवर झळकले. ते मुळात लिंकन यांनीच लिहिले, याचा पुरावा मात्र अभ्यासकांना मिळालेला नाही. त्यांचे एक अस्सल पत्र कुठल्याच भिंतीवर नसते. २३ जानेवारी १८४१ रोजी वकिलीतील भागीदार जॉन स्टुअर्ट यांना लिहिलेले हे पत्र आहे. आपल्याइतका दुःखी माणूस जगात दुसरा नसेल आणि ही अवस्था अशीच राहिली तर आपण जगणार नाही, असा त्याचा आशय होता. लिंकन तेव्हा ३१ वर्षांचे होते आणि इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य होते.

हे दुःख एका दिवसात आलेले नव्हते. केंटकीतील लाकडी खोपटात १२ फेब्रुवारी १८०९ रोजी जन्मलेल्या अब्राहमची आई तो नऊ वर्षांचा असताना गेली. विषारी वनस्पती खाल्लेल्या गायीच्या दुधातून होणाऱ्या आजाराने तिचा बळी घेतला. धाकटा भाऊ तान्हेपणीच दगावला होता. १८२८ मध्ये बहीण सारा बाळंतपणात गेली. वडिलांकडील काही नातलगही अशाच खिन्न वृत्तीचे होते, असे चरित्रकार नोंदवितात. नैराश्याच्या आजारात आनुवंशिकतेचा वाटा असतो आणि बालपणी आई-वडील गमावणे ही त्यात भर घालणारी गोष्ट असते, हे आज मान्य झालेले आहे. मात्र दोन्ही वाट्याला आलेला प्रत्येक जण आजारी पडतोच असे नाही. अशी अनेक कारणे एकत्र येतात, तेव्हा मन खचते.

लिंकन यांच्याबाबतीत ते प्रथम १८३५ च्या ऑगस्टमध्ये घडले. न्यू सेलम या खेड्यातील अ‍ॅन रटलेज ही तरुणी तापाने गेली. दोघांचे नाते नेमके काय होते, यावर इतिहासकारांत वाद आहेत. परंतु तिच्या मृत्यूनंतर लिंकन यांची झालेली दशा गावातील अनेकांनी पुढे सांगितली. तिच्या थडग्यावर पाऊस पडतो ही कल्पनाही त्यांना सहन होत नसे. शेजाऱ्यांनी त्यांच्यावर नजर ठेवली. बोलिंग ग्रीन या वयस्क स्नेह्याने आणि त्याच्या पत्नीने त्यांना आपल्या घरी नेऊन काही काळ ठेवून घेतले.

दुसरा तडाखा अधिक जबर होता. १८४० च्या अखेरीस रस्ते, कालवे व लोहमार्गांच्या ज्या योजनांचा लिंकन यांनी पुरस्कार केला होता, त्या कोसळून राज्य कर्जात बुडाले होते. मेरी टॉड यांच्याशी ठरलेला विवाह नववर्षाच्या सुमारास मोडला. ज्यांच्या दुकानावरील खोलीत ते जवळजवळ चार वर्षे राहिले, ते जिवलग मित्र जोशुआ स्पीड स्प्रिंगफिल्ड सोडण्याच्या तयारीत होते. जानेवारीत लिंकन यांनी अंथरूण धरले. विधिमंडळातील त्यांची जागा कित्येक दिवस रिकामी राहिली. त्यांच्या खोलीतील धारदार वस्तू मित्रांनी काढून घेतल्या, असे स्पीड यांनी नंतर सांगितले.

त्या काळचे वैद्यक या मित्रांच्या मागेच होते. खिन्नतेसाठी रक्त काढणे, जुलाब देणे, पारा देणे असे उपचार प्रचलित होते. लिंकन यांच्यावर डॉ. अ‍ॅन्सन हेन्री यांचे उपचार सुरू होते. सिनसिनाटीचे नामांकित डॉ. डॅनियल ड्रेक यांनाही लिंकन यांनी पत्र लिहिले. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय औषध सुचविता येणार नाही, असे ड्रेक यांनी कळविले आणि ते योग्यच होते. पुढे लिंकन ज्या निळ्या गोळ्या घेत, त्यांत पाराच होता. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर काही महिन्यांतच त्यांनी त्या बंद केल्याचे सांगितले जाते.

मृत व्यक्तीचे निदान दीडशे वर्षांनी करणे धाडसाचे आहे. आजही ज्या आजाराचे निदान रक्ताच्या तपासणीने किंवा स्कॅनने होत नाही, त्याबाबत तर अधिकच. किमान दोन आठवडे मन उदास राहणे किंवा कशातच रस न वाटणे, आणि त्यासोबत झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांवर परिणाम, अपराधीपणा, मृत्यूचे विचार यांपैकी काही लक्षणे असतील, तर मनोविकारतज्ज्ञ नैराश्याचा विचार करतात. थायरॉइडसारखे शारीरिक कारण नाही ना आणि पूर्वी कधी उन्मादाचा झटका येऊन गेला नाही ना, हे पाहावे लागते. कारण त्यानुसार औषधे बदलतात. नैराश्यविरोधी औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. विचारांची घडण बदलणारी मानसोपचार पद्धती अनेकांना उपयोगी पडते. तीव्र आजारात विद्युत उपचारांचाही फायदा होतो.

यातले काहीही लिंकन यांच्या मित्रांपाशी नव्हते. तरीही आत्महत्येचा धोका असलेल्या माणसाला एकटे न सोडणे आणि घातक साधने त्याच्या हाती न लागू देणे या दोन गोष्टी त्यांनी केल्या. आजचे तज्ज्ञही त्याच सांगतात. जिवावर उठणारा आवेग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, तेवढा वेळ निघून गेला तर माणूस वाचतो. मनात मरणाचे विचार येतात का, असे सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, हेही अभ्यासांतून दिसले आहे. आपल्याकडे 'फार मनावर घेऊ नकोस' असे सांगून मोकळे होण्याचीच रीत अधिक. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

ऑगस्ट १८४१ मध्ये लिंकन लुइव्हिलजवळील स्पीड कुटुंबाच्या 'फार्मिंग्टन' या मळ्यावर गेले आणि काही आठवडे राहिले. ती विश्रांती त्यांना मानवली. (या घराचा डोलारा गुलामांच्या श्रमांवर उभा होता, हेही नोंदवायला हवे.) पुढच्या वर्षी भूमिका उलटल्या. लग्नाच्या विचाराने स्पीड स्वतःच खचले, तेव्हा लिंकन त्यांना पत्रांमागून पत्रे लिहू लागले. रिकामे बसू नका, मित्रांत राहा, वाईट हवेचाही मनावर परिणाम होतो, अशा साध्या सूचना त्यांत होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लिंकन यांचा मेरीशी विवाह झाला.

आजार मात्र कायमचा गेला नाही. वकिलीतील पुढचे भागीदार विल्यम हर्नडन यांनी त्यांच्या खिन्नतेची वर्णने करून ठेवली आहेत. १८५० मध्ये एडवर्ड आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये विली, असे दोन मुलगे गेले. बाहेर यादवी युद्ध पेटलेले होते. विनोदी गोष्टी सांगणे हा लिंकन यांचा विसावा होता आणि काहींना तो थिल्लरपणा वाटे. १८४१ मध्ये आपण जगाला आठवण राहील असे काहीच केले नाही, ही खंत त्यांनी स्पीड यांच्याकडे बोलून दाखविली होती. जानेवारी १८६३ च्या गुलाममुक्तीच्या घोषणेनंतर त्या संभाषणाची त्यांनी मित्राला आठवण करून दिली.

त्याआधी काही दिवस, २३ डिसेंबर १८६२ रोजी, त्यांनी आणखी एक पत्र लिहिले. इलिनॉयमधील त्यांचे जुने स्नेही विल्यम मॅक्युलो युद्धात पडले होते आणि त्यांची तरुण मुलगी फॅनी शोकाने खोलीत कोंडून घेऊन बसली होती. देशाचा प्रमुख असलेल्या माणसाने सवड काढून तिला कळविले, की आता तुला खरे वाटणार नाही, पण हे दुःख हलके होईल. आपण स्वतः त्यातून गेलो आहोत, म्हणून हे ठाऊक आहे, असेही त्यांनी लिहिले.