कफन पांघरून उभा राहिलेला कवी

द्वितीय वर्षाच्या इंग्रजीला जॉन डनच्या काही कविता नेमल्या आहेत. पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर ‘मेटॅफिजिकल पोएट्स’ असे लिहिले, तेव्हा आमच्या बाकावर कोणालाच काही उमगले नाही. प्रियकराला आणि प्रेयसीला एकच पिसू चावते आणि त्यावरून कवी प्रेमाचा वाद घालीत बसतो, ही कसली कविता, असे मला वाटले. पुढे ग्रंथालयातून डनचे चरित्र घरी नेले. ते वाचताना कळले की, हा माणूस प्रेमाचे बोलतो तेव्हा मरण तिथेच बसलेले असते, आणि देवाशी बोलतो तेव्हा प्रियकरासारखाच भांडतो.

डनचा जन्म १५७२ साली लंडनमध्ये, एका कॅथलिक घरात झाला. त्या काळच्या इंग्लंडात कॅथलिक असणे जिवावरचे होते. वडील लोखंडाच्या व्यापारातले. डन चार वर्षांचा असतानाच ते वारले. आई सर टॉमस मोर यांच्या नात्यातली. राजाचे चर्चवरील प्रमुखपण मान्य न केल्यामुळे १५३५ साली ज्यांचा शिरच्छेद झाला, तेच हे मोर. बारा वर्षांचा होण्यापूर्वीच डन ऑक्सफर्डला गेला. परंतु पदवीसाठी राणीचे धर्मावरील प्रमुखत्व मान्य करणारी शपथ घ्यावी लागे, म्हणून पदवी न घेताच बाहेर पडला. (आमच्या घरात ‘पदवी’ हा शब्द देव्हाऱ्याजवळच्या आवाजात उच्चारला जातो. त्यामुळे या गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबले.)

१५९३ साली त्याचा धाकटा भाऊ हेन्री याच्या खोलीत एक कॅथलिक धर्मगुरू सापडला. हेन्रीला तुरुंगात टाकले आणि न्यूगेटच्या त्या घाणीत तो तापाने मेला. धर्मगुरूला पुढे देहान्त शिक्षा झाली. डन तेव्हा एकवीस वर्षांचा होता. पुढे त्याने कॅथलिक पंथ सोडला, म्हणून काही टीकाकार त्याला संधिसाधू म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. दोन्ही बाजूंचे ग्रंथ वाचीत, कित्येक वर्षे घालवून तो पलीकडे गेला. भावाचे प्रेत ज्याच्या मनात आहे, तो असे पाऊल सहज कसे टाकील?

कायद्याचा अभ्यास, १५९६ साली कादिझवरची आणि १५९७ साली अझोर्सची आरमारी मोहीम, एवढे उरकून डन सर टॉमस एगर्टन या बड्या अधिकाऱ्याचा चिटणीस झाला. पुढची वाट सरळ होती. पण एगर्टन यांच्या पत्नीची भाची अ‍ॅन मोर त्याच घरात राहात होती. डिसेंबर १६०१ मध्ये दोघांनी गुपचूप लग्न केले. ती सतराच्या आसपास, तो एकोणतीसचा. सासऱ्याला कळल्यावर डनची नोकरी गेली आणि तो तुरुंगात गेला. लग्न लावणारा मित्र आणि त्याचा भाऊ, तेही आत गेले. १६०२ साली न्यायालयाने लग्न कायदेशीर ठरविले खरे; नोकरी मात्र परत मिळाली नाही.

मग बारातेरा वर्षे ओढाताणीची. नातलगांच्या आश्रयाने राहायचे, नंतर मिचमचे ओलसर घर, आजारी मुले, बड्या लोकांच्या मिनतवाऱ्या. याच काळात त्याने आत्महत्या नेहमीच पाप असते काय, यावर एक ग्रंथ लिहिला. तो छापला गेला १६४७ साली, त्याच्या मृत्यूनंतर. राजा जेम्सने त्याला चर्चखेरीज दुसरीकडे कुठेच जागा द्यायची नाही असे धरून ठेवले आणि १६१५ साली डनने दीक्षा घेतली.

आणि अ‍ॅन? सोळा वर्षांच्या संसारात तिची बारा बाळंतपणे झाली. १६१२ साली डन एका श्रीमंत आश्रयदात्याबरोबर फ्रान्समध्ये असताना तिला मेलेले मूल झाले. ऑगस्ट १६१७ मध्ये बारावे मूलही मेलेलेच जन्मले आणि पाच दिवसांनी ती गेली. वय तेहतीस. सात मुले मागे राहिली. प्रेमिकांचे दोन जीव म्हणजे कंपासचे दोन पाय, एक फिरतो तेव्हा दुसरा त्याच्याकडे कलतो, ही डनची कल्पना वर्गात सगळ्यांना आवडली. मलाही आवडली. पण माझ्या आजीची अकरा बाळंतपणे झाली होती, त्यातली सहा जगली. तिच्याकडे पाहून मला वाटते की, मधोमध रोवलेल्या पायाला काय दुखत होते हे कवितेत आलेले नाही. डनचे प्रेम खोटे होते असे मी म्हणत नाही. त्याने पुन्हा लग्न केले नाही, आणि तिच्यावरच्या सुनीतात तो सांगतो की, तिच्यामुळेच आपले मन देवाकडे वळले.

१६२१ साली तो सेंट पॉल्स कॅथीड्रलचा डीन झाला. त्याची प्रवचने ऐकायला लंडन लोटे. १६२३ च्या अखेरीस तो मोठ्या तापातून वाचला आणि अंथरुणावरच दुसऱ्याच्या मरणाच्या घंटेत आपलेही मरण ऐकणारे गद्य लिहू लागला. २५ फेब्रुवारी १६३१ रोजी राजा चार्ल्सपुढे त्याने शेवटचे प्रवचन केले, विषय मरणाचाच. लोकांना वाटले, हा स्वतःचेच प्रेतप्रवचन करतो आहे. चरित्रकार आयझॅक वॉल्टन सांगतो की, त्यानंतर त्याने कफन अंगाला गुंडाळून, डोळे मिटून चित्रकारापुढे उभे राहून स्वतःचे चित्र काढून घेतले आणि ते बिछान्याशेजारी ठेवले. ३१ मार्च रोजी तो वारला. कविता पुस्तकरूपाने निघाल्या त्या १६३३ साली.

त्या चित्रावरून निकोलस स्टोन याने संगमरवरी पुतळा घडविला. १६६६ च्या आगीत जुने सेंट पॉल्स जळाले, पण हा पुतळा वाचला. नव्या इमारतीत तो आजही उभा आहे. अ‍ॅनचे स्मारकही याच स्टोनने सेंट क्लेमेंट डेन्स या चर्चमध्ये घडविले होते. त्यावरचा लॅटिन मजकूर डनने स्वतः लिहिला होता. ते चर्च पुढे पाडून नव्याने बांधले, तेव्हा ते स्मारक नाहीसे झाले.