मराठी वाक्प्रचारांचे परदेशी मानकरी : जेम्स टॉमस मोल्सवर्थ

भाषेतील शब्द ही तिची संपत्ती खरी. परंतु त्या संपत्तीचा रोजचा व्यवहार चालतो तो वाक्प्रचारांच्या आधारे. ‘पाणी’ म्हणजे काय, हे लहान मूलही सांगेल. पण एकाने आपल्या हक्कावर पाणी सोडले, दुसऱ्याने प्रतिपक्षाला पाणी पाजले आणि तिसऱ्याच्या तोंडचे पाणी पळाले असे आपण म्हणतो, तेव्हा त्या पाण्याचा तहानेशी काहीएक संबंध उरलेला नसतो. मराठी घरात वाढलेल्या माणसाला ह्यात नवल वाटत नाही. बाहेरून आलेला मनुष्य मात्र येथे अडतो आणि अर्थ विचारतो. मराठीचे वाक्प्रचार मोठ्या प्रमाणावर गोळा होऊन त्यांचे अर्थ लिहिले गेले, ते अशाच एका विचारणाऱ्या परदेशी गृहस्थाच्या चिकाटीमुळे. जेम्स टॉमस मोल्सवर्थ हे त्यांचे नाव.

मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ सालचा. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८१२ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात अधिकारी म्हणून ते हिंदुस्थानात आले. पुढे सहाच वर्षांत पेशवाई बुडाली आणि दख्खनचा कारभार कंपनीकडे गेला. नव्या राज्यकर्त्यांना रयतेचे अर्ज वाचावयाचे होते, न्यायनिवाडे करावयाचे होते, शाळा चालवावयाच्या होत्या. ह्या सर्वांसाठी मराठी येणे भाग होते. परंतु भरवशाचा कोश हाताशी नव्हता. श्रीरामपूरला विल्यम कॅरे यांनी १८१० मध्ये मराठीचा एक कोश छापला होता व १८२४ मध्ये व्हॅन्स केनेडी यांचा कोश निघाला होता. हे प्रयत्न आदरणीय असले, तरी बोलत्या मराठीचा विस्तार त्यांत मावण्यासारखा नव्हता.

तरुण मोल्सवर्थ यांनी ही उणीव हेरली आणि स्वतःच शब्द टिपावयास आरंभ केला. पुढे मुंबई सरकारने हे काम अधिकृतपणे हाती घेतले. मोल्सवर्थ यांच्या जोडीला टॉमस कँडी व जॉर्ज कँडी हे दोघे बंधू आले; पण ह्या कार्याचा खरा कणा होता तो पंडितमंडळींचा. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले प्रभृतींनी सिद्ध केलेला मराठीचा मराठी कोश १८२९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापाठोपाठ १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश बाहेर पडला. त्यात सुमारे चाळीस हजार शब्द होते. मोल्सवर्थ यांचा गौरव करताना ह्या शास्त्रीमंडळींचे विस्मरण होणे कृतघ्नपणाचे ठरेल. विचारणारा परका होता, हे खरे. पण सांगणारे घरचेच होते.

ह्या कोशाचे वैशिष्ट्य केवळ शब्दसंख्येत नाही. हात, पाय, तोंड, पोट, डोळा अशा नित्याच्या शब्दांखाली त्यांपासून निघालेल्या वाक्प्रचारांची रांगच्या रांग येथे लावलेली दिसते आणि जागोजागी म्हणीही येतात. साध्या शब्दाला परभाषेतला प्रतिशब्द दिला की कोशकार मोकळा होतो. वाक्प्रचाराचे तसे नाही. तो शब्दशः उलगडू गेल्यास हास्यास्पद होतो. त्याचा फलितार्थ सांगावा लागतो, तो कोणत्या प्रसंगी व कोणत्या सुरात वापरतात हे सांगावे लागते, आणि शक्य तेथे त्याच्या मुळाशी असलेला आचारही दाखवावा लागतो. दान देताना हातावर पाणी सोडण्याची चाल ज्याला ठाऊक नाही, त्याला हक्कावर पाणी सोडणे कसे कळणार? शरीराला नऊ द्वारे असतात ही कल्पना ज्याने ऐकलेली नाही, त्याला नाकी नऊ का येतात हे कोडेच राहणार. म्हणून वाक्प्रचारांचा अर्थ लिहिणे म्हणजे एका परीने त्या समाजाचे चरित्रच लिहिणे होय.

प्रकृतीच्या कारणास्तव मोल्सवर्थ यांना पुढे स्वदेशी परतावे लागले. त्यांनी आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडी यांनी पूर्ण करून १८४७ मध्ये प्रसिद्ध केला. आमच्यासारख्या सरकारी नोकराने अशा वेळी काम पूर्ण झाल्याचा शेरा मारून फाईल बंद केली असती. मोल्सवर्थ यांनी तसे केले नाही. आपल्या पहिल्या कोशातील उणिवा त्यांना स्वस्थ बसू देईनात. १८५१ मध्ये, म्हणजे निवृत्तीचे वेध लागावेत अशा छपन्नाव्या वर्षी, ते पुनः हिंदुस्थानात आले व सहा वर्षे खपून १८५७ मध्ये त्यांनी दुसरी आवृत्ती सिद्ध केली. शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. डॉ. जॉन विल्सन यांचे मराठी भाषेवरील टिपण ह्या आवृत्तीला जोडलेले आहे. त्या वर्षी उत्तर हिंदुस्थानात काय रणकंदन माजले होते, हे दिल्लीत राहणाऱ्या वाचकांस सांगावयास नकोच. १८७१ मध्ये इंग्लंडातील क्लिफ्टन येथे मोल्सवर्थ यांचे देहावसान झाले.

त्यांचा कोश मात्र मागे राहिला व वाढत गेला. बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये त्याचा संक्षेप काढला. १८९९ मध्ये आल्फ्रेड मॅनवेअरिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह ऑक्सफर्डहून निघाला. तथापि केवळ वाक्प्रचारांना वाहिलेला भव्य कोश व्हावयास आपलीच माणसे पुढे यावी लागली. ज्ञानकोशकार केतकरांच्या हाताखाली तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे ह्या जोडीने आधी सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ ह्या काळात पुरा केला आणि त्यानंतर महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे दोन विभाग १९४२ व १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. मोल्सवर्थ यांच्या कोशाचे १९७५ मध्ये पुण्यात पुनर्मुद्रण झाले आणि आता शिकागो विद्यापीठाच्या कृपेने तो संगणकावरही पाहावयास मिळतो.

मोल्सवर्थ यांच्या कार्याला मर्यादाही होत्या. कोश सांगणारे पंडित ज्या समाजातले, त्या समाजाच्या बोलीची छाप त्यावर पडणे अपरिहार्य होते. जात्यावर बसणाऱ्या बायकांच्या, शेतावर राबणाऱ्या कुळांच्या, वऱ्हाड-खानदेशाच्या तोंडी असलेले कितीतरी संप्रदाय विचारावयासच कोणी गेले नसेल. जे विचारले गेले ते टिकले. जे विचारले गेले नाही त्याची आज खूणही सापडत नाही. कोशाच्या इतिहासाचा हा धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आम्हां दिल्लीकर मराठी माणसांना तर तो विशेष लागू आहे. आमच्या घरांतून मराठी शब्द अजून बऱ्यापैकी टिकून आहेत. आधी झिजतात ते वाक्प्रचार. येथे वाढलेल्या मुलांच्या नाकी नऊ येत नाहीत, त्यांच्या नाकात दम येतो. एखादी सोपी गोष्ट त्यांच्या डाव्या हातचा मळ नसते, डाव्या हाताचा खेळ असते. जिवाचे पाणी पाणी झाले असे आजी काळजीने म्हणते, तर नातवाला ती कशाने तरी लाजली असे वाटते. हिंदीही आपलीच भाषा आहे व तिचे संप्रदायही तितकेच देखणे आहेत. पण एका भाषेचे हाड आणि दुसरीचे कातडे अशी भाषा फार दिवस तग धरीत नाही. दिल्लीपासून नव्वद किलोमीटरांवरील पानिपत आमच्या मुलांना रस्त्यावरील पाटीमुळे ठाऊक असते. एखाद्या बेताचे पानिपत झाले, किंवा विश्वास गेला पानिपतात, असे आपण का म्हणतो, हे मात्र त्यांना कोणीतरी सांगावे लागते.

तेव्हा ह्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक सूचना करावीशी वाटते. आपल्या मंडळात कोकणातून, विदर्भातून, मराठवाड्यातून, इंदूर-ग्वाल्हेरकडून आलेली वृद्ध मंडळी अद्याप आहेत. मंडळाच्या तरुणांनी दर महिन्याला एका घरी जाऊन त्यांच्या तोंडचे संप्रदाय अर्थासह व प्रसंगासह वहीत उतरवून घ्यावेत. छापील कोशांत जे आहे ते सुरक्षित आहे. जे त्यांत नाही त्याला मुदत फार थोडी आहे. घरातच परके होऊ लागलेल्या आपल्या मुलांना मोल्सवर्थ यांच्याप्रमाणे अर्थ विचारण्याची संधी आहे आणि उत्तर देणारे शास्त्री अजून घरोघरी बसलेले आहेत. प्रश्न विचारला जाण्याचाच काय तो अवकाश आहे.